अशी व्यक्ती गावात नाही

आळेफाट्याला मी नाशिकच्या गाडीची वाट बघत उभी होते. समोरच्या गॅरेजमधून हमीदभाई हात पुसत आले आणि म्हणाले, "बाई, नाना गेलं. तुमाला कळलं न्हाई व्हय?" कोणते नाना, असं मी विचारलं नाही. माझ्या ओळखीत नाना म्हणवणारे चारपाच जण आहेत, पण हमीदभाई आणि मी यांच्यात नाना एकच. मंगळवारी पहाटे झोपेतच गेले म्हणे. "लई चांगलं मरण आलं," हमीदभाई म्हणाले. नाशिकची गाडी आली, मी चढले नाही. त्यांनी गॅरेजमधलं स्टूल आणून दिलं, चहा मागवला आणि आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. बोलायला तोंड उघडलं असतं तर एकाच गोष्टीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि ती गोष्ट आम्ही दोघांनी पंधरा वर्षं टाळली होती. त्या दिवसाला आता पाच आठवडे झाले. आता मी ती टाळणार नाही.

बोरी बुद्रुकच्या वाटेवरच्या एका गावात मी बारा वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच राहतात. शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती, तिच्यात पोस्ट. टेबल, तराजू, तारखेचा शिक्का, भिंतीवर अडकवलेली टपालाची पिशवी आणि नाना. नाना शाखेचे पोस्टमास्तर. पण वाटपाची जागा कायम रिकामी, त्यामुळे सकाळी साहेब आणि दुपारी पोस्टमन, दोन्ही तेच. नियमाला इतका चिकटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिकिटाला थुंकी लावलेली त्यांना खपायची नाही, ओल्या स्पंजची डबी पुढे सरकवायचे. एकदा माझ्या बहिणीचं पत्र पिशवीतून डोकावताना दिसलं म्हणून मी हात घातला, तर "बाई, आधी नोंद!" असं खेकसले आणि पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही कमी नव्हते. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "नाना, घरी जेवताना भाकरीची पण नोंद करता का?" तेव्हा कुठे हसले.

या चिकटपणाचं कारण एकदा त्यांनीच सांगितलं. नाना बौद्ध वस्तीतले. वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, नाना वस्तीतले पहिले मॅट्रिक आणि पहिले सरकारी शिक्का हातात घेतलेले. "दुसऱ्याच्या हातून पत्र हरवलं तर लोक म्हणत्याल, गर्दी व्हती. माझ्या हातून हरवलं तर म्हणत्याल, ह्यांना नोकऱ्या कशाला दिल्या." हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, पोस्टाच्या वेळा सांगाव्या तसं सांगितलं. वीस वर्षं त्यांनी गावात टपाल वाटलं, पण कुठल्या घराचा उंबरा ओलांडला नाही. ओट्याखाली उभं राहायचं, घरातल्या पुरुषाला नावानं हाक मारायची, पत्र द्यायचं, निघायचं. येऊ नका असं त्यांना कोणी म्हणत नव्हतं. या असंही कोणी म्हणत नव्हतं. मी हे रोज बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हेही लिहून टाकते.

आता लक्ष्मीबद्दल. तिचा नवरा दत्तू हमीदभाईंच्या गॅरेजमध्ये ट्रकची इंजिनं उघडायचा. हात चांगला होता. मुंबईच्या एका एजंटामार्फत तो मस्कतला ट्रेलरवर गेला. घरात म्हातारी सासू, लक्ष्मी आणि माझ्या दुसरीच्या वर्गातला मुलगा. लक्ष्मी डेअरीला दूध घालून परत जाताना दर दोनतीन दिवसांनी पोस्टाच्या दारात थांबायची. हातात रिकामी किटली. "नाना, आमचं काय हाय का?" असलं तर नाना आधी नोंद करायचे, मग द्यायचे. नसलं तर म्हणायचे, "उद्या बघू." दोघांचं बोलणं एवढंच.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एक जाड खाकी पाकीट आलं. रजिस्टर्ड, परदेशी, पत्ता इंग्रजीत टाईप केलेला. नानांचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून त्यांनी ते माझ्याकडे आणलं. मी वाचलं : सुमन किसन पोखरकर. पुढे आमचं गाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. सगळं बिनचूक. फक्त पोखरकर आडनावाचं एकही घर आमच्या गावात नव्हतं. दत्तूच्या पत्रांवरचं तिकीट आम्हाला पाठ होतं, हे तिकीट दुसऱ्याच देशाचं होतं, त्यामुळे दत्तूचा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. त्याच्या कंपनीचं मुख्य ऑफिस दुसऱ्या देशात असेल हे आम्हाला कुठून कळणार?

नियमाप्रमाणे पाकीट सात दिवस ठेवायचं, मग परत. नानांनी त्या सात दिवसांत जिवाचं रान केलं. डेअरीच्या चेअरमनला विचारलं, तलाठ्याला विचारलं, सरपंचाला विचारलं. मतदारयादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. उन्हात सायकल मारत वाड्यावस्त्यांवर गेले, मारुतीच्या देवळापुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच : "पोखरकर आपल्यात कुठलं? त्ये आंबेगावाकडचं आडनाव." उत्तर खरं होतं. सात दिवसांत नानांनी गावातला यच्चयावत पुरुष विचारला. पत्र होतं बाईचं, आणि एकाही बाईला विचारलं नाही. ओट्याखाली उभा राहणारा माणूस परक्या घरातल्या सुनेला नाव कसं विचारणार? त्यांचं एक वेळ सोडा. मी बाई होते, माझ्या हजेरीपटात प्रत्येक पोराच्या आईचं नाव होतं. लग्नात माझंही नाव बदललं होतं. मला तरी सुचावं की नाही?

तिसऱ्या का चौथ्या दिवशी लक्ष्मी आली. ड्रॉवर अर्धा उघडा होता. तिला तिकीट दिसलं. "ह्ये फॉरेनचं कुणाचं, नाना?"

"तुझं न्हाई गं. एका बाईचं हाय, सापडंना."

"कंची बाई?"

"दुसऱ्याचं टपाल हाय. नाव सांगता येत न्हाई."

निम्म्या गावातल्या पुरुषांना ते नाव सांगून झालं होतं. तिला मात्र नियम आडवा आला... मी शेजारीच खुर्चीवर वह्या तपासत बसले होते. मी ऐकलं. मान वर करून एवढंही म्हटलं नाही की, अहो, सांगा की तिला. ती "बरं" म्हणाली आणि किटली हलवत गेली.

सातव्या दिवशी नानांनी पाकीट बाहेर काढलं. शेरा इंग्रजीत लिहायचा होता, वाक्य त्यांनी मला विचारलं. मी झटक्यात सांगितलं. इंग्रजी चांगलं असल्याचा मला तेव्हा फार तोरा होता. नानांनी टाकानं, वळणदार अक्षरात, अशी व्यक्ती गावात नाही असा शेरा पाकिटावर घातला, सही केली, शिक्का मारला. वाक्य माझं, अक्षर त्यांचं. पिशवी जुन्नरला गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी हमीदभाई राजदूत मोटारसायकल घेऊन शाळेत आले. चेहरा काळवंडलेला. दत्तूच्या खोलीतल्या सोबत्याचा गॅरेजवर फोन आला होता. जॅक निसटून दत्तू ट्रेलरखाली सापडला होता, त्याला महिना होत आला. प्रेत तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं. कंपनीनं त्याच्या बायकोला कागद पाठवले होते. त्यावर सही करून पाठवली तर प्रेत घरी येणार, उत्तर आलं नाही तर तिथंच पुरणार. "पाकीट आलंय का, नाना?" हमीदभाईंनी विचारलं. नाना म्हणाले, "लक्ष्मीच्या नावानं काय आलं न्हाई. आलं असतं तर हातोहात दिलं असतं." नेमकी तेव्हाच लक्ष्मी डेअरीवरून येऊन दारात उभी राहिली. हमीदभाईंना तिला मरणाचं सांगवेना. अपघात झालाय, कागदावर सही पाहिजे, एवढंच कसंबसं बोलले आणि खिशातली चिठ्ठी काढून सोबत्यानं सांगितलेलं नाव वाचायला लागले : सुमन किसन पोखरकर.

"मीच ती," लक्ष्मी म्हणाली.

वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं तिनं एका दमात सांगितलं. माहेर आंबेगावाकडचं शिनोली. बापाचं नाव किसन. लग्नात दत्तूनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लक्ष्मी असं लिहिलं, तेव्हापासून सुमन गेली. पुढे एजंटानं बायकोचा काहीतरी कागद मागितला. तिच्याकडे कागद एकच, सातवीचा शाळेचा दाखला, त्यावर माहेरचं नाव. दत्तूनं तोच दिला. "मग आलंय का पाकीट?" तिनं विचारलं. नानांनी ड्रॉवर उघडला. तो रिकामा आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी उघडला, आणि आतपर्यंत हात फिरवत राहिले.

संध्याकाळपर्यंत तिला सगळं कळलं. नाना तोवर जुन्नरला पोचले होते. रजिस्टरचा नंबर हातात घेऊन ते जुन्नरहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला गेले. तीन दिवस त्याच शर्टावर. माणूस असा की गाडीत कंडक्टरला उतरायचं ठिकाण विचारायला लाजायचा, तो मुंबईच्या टपालखात्यात खिडकीखिडकीशी हात जोडत फिरला. चौथ्या दिवशी आळेफाट्याच्या एसटीडी बूथवर त्यांचा फोन आला. "बाई, पाकीट इथं व्हतं. चार दिवसांमागं इमानात चढलं." मग बराच वेळ नुसता आवाज येत होता, आधी मला वाटलं लाईन खराब आहे.

फोनवरचं बोलणं कंपनीला चालत नव्हतं. कागद हवा, कागदावर तेच नाव हवं आणि सही करणारी तीच आहे याचा पुरावा हवा. मूळ दाखला एजंटाकडे, एजंट जागा सोडून गेलेला. मी तिला घेऊन शिनोलीला गेले. मुख्याध्यापक ट्रेनिंगला गेलेले, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, येणार दोन दिवसांनी. पायरीवर बसलो होतो तर शाळेचा म्हातारा शिपाई जवळ आला, डोळे बारीक करून बघायला लागला. "किसनाची सुमी ना गं तू?" तोवर ती रडली नव्हती. सासू छाती पिटत होती, पोर बिलगत होतं, आणि ही नुसती कोरडी फिरत होती. त्या हाकेनं मात्र ती पायरीवर आडवी झाली. मला तिला सावरता येईना, शिपायाला काय झालं ते कळेना.

दाखल्याची नक्कल मिळाली. पण सुमन आणि लक्ष्मी एकच हे कोण सांगणार? त्यासाठी जुन्नरला तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र. तिथला कारकून वाईट नव्हता, पण त्यानं विचारायचं ते विचारलंच : "दोन्ही बाया एकच, ह्याला पुरावा काय?" ती म्हणाली, "मी हितं उभी हाय की." तो म्हणाला, "तसं चालत नाही, ताई." तेव्हा मुंबईहून परत आलेले नाना पुढे झाले आणि पोराच्या वयाच्या त्या कारकुनापुढे वाकले. "साहेब, चूक माझी हाय. तुमी म्हनाल त्या कागदावर मी सही करतो. पर आज द्या." साक्षीदार मिळायला, शिक्का बसायला, इंग्रजी तर्जुमा व्हायला आणखी दिवस गेले. शेवटी आळेफाट्याच्या बूथवरून फॅक्स गेला. कागद यंत्रातून हळूहळू सरकत होता आणि हमीदभाईंसह आम्ही चौघं तो अडकेल की काय म्हणून डोळे लावून उभे होतो. पुढचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. रोज पिशवी आली की नाना आधी माझ्याकडे बघायचे आणि मग तिचं तोंड सोडायचे.

उत्तर आलं ते सुमन किसन पोखरकर याच नावानं. नाना ते घेऊन निघाले, मी बरोबर गेले. ते नेहमीसारखे ओट्याखाली थांबले. तिनं आतून पाहिलं आणि म्हणाली, "आत या." पहिल्यांदाच ते गावातल्या कुणाच्या घरात गेले, आणि गेले ते हे पत्र घेऊन. मी वाचलं. पाकीट परत आलं, वारस सापडत नाही असं धरून दफन उरकण्यात आलं. आमचा फॅक्स पोचण्याआधी चार दिवस. पुरावा म्हणून त्या पाकिटाची झेरॉक्स जोडली होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण नानांचं अक्षर ती नोंदीच्या वहीत वर्षानुवर्षं बघत आली होती.

"ह्ये तुमचं अक्षर ना? काय लिवलंय?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

ती त्या झेरॉक्सकडे बघत होती. "मी येत व्हते की वो, नाना," ती म्हणाली. "दर दोन दिसाला येत व्हते." आणि मग हळूच, "मातीत घातलं त्यांना. अग्नीबी न्हाई..." नाना उभेच होते. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि ते बसलेही नसते.

नानांनी स्वतःविरुद्ध वर कळवलं. चौकशीला एक साहेब आले, दिवसभर वह्या चाळल्या आणि सात दिवस ठेवण्यापासून शेऱ्यापर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालंय, नोंदी चोख आहेत, असं लिहून गेले. त्या संध्याकाळी नाना व्हरांड्यात म्हणाले, "शिक्षा तरी द्यायची व्हती, बाई." मला तर कोणी चौकशीलाही बोलावलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी शंभर पानी वही घेतली. टपाल वाटताना ओट्याखालून आता ते पुरुषाला नव्हे, घरातल्या बाईला हाक मारायला लागले. "वहिनी, माहेरचं पाळण्यातलं नाव सांगा. बापाचं नाव, गाव. टपालासाठी पायजे." गावात कुजबुज झाली. नानाला म्हातारचळ लागला म्हणाले. एकानं तक्रारही केली. आपल्याबद्दल कोणी ब्र काढू नये म्हणून जन्मभर जपलेला हा माणूस, पण या वेळी हटला नाही. बायका आधी लाजायच्या, मग सांगायच्या. एक ऐंशीची म्हातारी म्हणाली, "साठ वर्सांत कुणी इचारलंच न्हाई रं बाबा," आणि नाव आठवायला तिला दोन दिवस लागले. ते सांगायला ती काठी टेकत स्वतः पोस्टात आली. पुढेपुढे काही घरांतून "या, चा घ्या" असंही म्हणू लागले. हे ऐकून वाचकांना बरं वाटेल म्हणून मी लिहीत नाहीये. त्या वहीतल्या एकाही माहेरच्या नावानं नंतर कधी एक कार्डही आलं नाही. वही कुणाच्या काही कामी आली नाही. नानांना ते ठाऊक होतं, तरी निवृत्तीनंतरही गावात नवी सून आली की ते वही घेऊन जायचे. माझी बदली नारायणगावला झाली. तीस मिनिटांचं अंतर, पण मी त्यांना भेटायला गेले नाही. काय बोलायचं होतं?

नाना गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मात्र गेले. वस्तीत खूप माणसं होती. मी पेपरात नानांवर लिहिणार आहे हे त्यांच्या मुलीला (तिचं नाव मित्रा) सांगितलं, तेव्हा तिनं ती वही माझ्या हातात ठेवली. तेवढ्यात लक्ष्मी आली. केस पांढरे झालेत. मुलगा आता फाट्यावर वायरमनचं काम करतो. तिनं नानांच्या फोटोला फूल वाहिलं, हात जोडले आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाई, तुमी लिवनार म्हनं नानांवर. लिवा. लई सरळ माणूस व्हता, तेबी लिवा. पर मी माफ केलं असं लिवू नका. केलं न्हाई मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमालाबी."

मी मान हलवली. तिनं वही मागून घेतली. पहिलं पान उघडलं. पहिल्या ओळीला आकडा घातला होता, रकाने आखले होते, आणि त्यापुढे सगळं कोरं होतं. दुसऱ्या ओळीपासून गावातल्या बायकांची नावं सुरू होत होती. मित्रा लक्ष्मीला म्हणाली, "ती ओळ नाना कुणाला देत नसत. तुमची हाय म्हणायचे. पण तुम्हाला विचारायची त्यांची हिंमत झाली न्हाई." मी पर्समधून पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिनं ते हातात घेतलं, टोपण उघडलं, कोऱ्या जागेवर बोट फिरवलं. मग टोपण बसवून पेन मला परत दिलं.

"आता कुणाचं यायचंय टपाल?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तशीच."

वही माझ्या टेबलावर आहे. मी दोनदा ती उघडून बसले, पेनही घेतलं. पहिली ओळ अजून कोरी आहे, आणि ती भरायचा हक्क मला नाही.